अठरा घरांचं एक घर

या गोष्टीला खूप वर्षं झाली. दूर दक्षिणेच्या समुद्रात एक लहानसं बेट होतं. तिथे थंडी अशी कधी पडायचीच नाही. चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन. त्या बेटावर अठरा घरं होती आणि अठराही घरं एकाच माणसाच्या हातची होती. त्याचं नाव धाकू. पण त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला मेस्त्री म्हणायचे.

मेस्त्रीची घरं बघत राहावीत अशी असायची. समुद्रकाठच्या उंडीचं किंवा भेंडीचं झाड जसं वाकडं वाढलं असेल, तसाच त्याचा खांब. तो तासून सरळ करायचा नाही, खांबाच्या वाकाप्रमाणे घरच वळवायचा. भिंतीला बांबूच्या कामट्या आणि त्यावर पेंढा घालून तुडवलेली माती. शिंपले भाजून केलेला चुना. वर माडाची झापं, काथ्याच्या दोरीने घट्ट बांधलेली. दारं-खिडक्या मात्र फुटलेल्या गलबतांच्या फळ्यांच्या. समुद्र त्या किनाऱ्यावर आणून टाकायचा, मेस्त्री त्या उचलून उन्हात वाळवायचा, उंडीचं तेल पाजायचा आणि मग हात लावायचा.

बेटावर काही वाया जात नसे. एखादं घर जुनं होऊन उतरवलं, की त्याचे वासे दुसऱ्याच्या घराला जायचे. फक्त एक रीत होती. मालकाला विचारायचं. मालक ‘ने’ म्हणाला की न्यायचं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती बाहेरच्या माणसाला चटकन कळत नसे. मातीचं आणि झापांचं घर एकदा बांधलं की संपलं असं नसतं. दरवर्षी पावसाआधी त्याची शाकारणी करावी लागते. जुनी, कुजलेली झापं काढायची, नवी चढवायची, पोखरलेला वासा बदलायचा, भिंती लिंपायच्या. हे दोघांचं काम नव्हे. म्हणून सगळं बेट एकेका घरावर लोटायचं. बायका झापं विणायच्या, पुरुष छपराच्या उतरत्या पाख्यांवर चढायचे, म्हातारी माणसं खाली बसून दोरी वळायची. ज्याचं घर असेल त्याने सगळ्यांना भात आणि माशाचं कालवण घालायचं. पंधरा-वीस दिवस हेच चालायचं.

मेस्त्री स्वतः मात्र टेकडीवर एका खोलीत राहायचा. आवडा, म्हणजे त्याची बायको, लग्न होऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला होता, “लोकांची घरं होऊ देत, मग आपलं बांधू.” त्याला वीस वर्षं झाली होती. मूल नव्हतं. खोली दोघांना पुरायची. आवडा काही बोलायची नाही.

एका वर्षी, पावसाळ्याला अजून महिनाभर असताना, वादळ आलं. दोन दिवस वारा थांबला नाही. समुद्र माडांच्या बागांत शिरला. माणसं टेकडीवर चढली म्हणून वाचली. तिसऱ्या दिवशी ती खाली उतरली, तेव्हा अठरा घरांची अठरा जोती तेवढी दिसत होती. खांब, वासे, दारं चिखलात इकडेतिकडे पडली होती. उंडी-भेंडीची जुनी झाडं मुळासकट उपटून समुद्राने नेली होती. विहिरी खाऱ्या झाल्या होत्या.

टेकडीवरच्या विहिरीत थोडं गोडं पाणी होतं. पण ते दोघा-चौघांना पुरलं असतं, सगळ्यांना नाही. म्हणून ठरलं की पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं. विहिरी पुन्हा गोड होईपर्यंत तिथे राहायचं आणि मग परत यायचं. आवडाला ताप होता, म्हणून मेस्त्री मागे राहिला.

होडीत बसण्याआधी तुळसाकाकी त्याच्याजवळ आली. काकी विधवा होती. तिचं घर किनाऱ्याला सगळ्यांत जवळ होतं.

“मेस्त्री, सामान पडलंय तिथे,” ती म्हणाली. “लक्ष ठेव हो. समुद्र नेईल.”

“ठेवतो काकी. तुम्ही निवांत जा.”

आणि त्याने खरोखरच लक्ष ठेवलं. पाऊस सुरू व्हायच्या आत त्याने बेटभर फिरून एकेक वासा, एकेक फळी वर आणली. ज्याचं त्याचं वेगळं रचलं. कोणतं कोणाचं हे त्याला विचारावं लागत नव्हतं, सगळं त्याच्याच हातचं होतं. वर झापं घालून त्याने ते झाकलं. आवडाचा ताप उतरल्यावर तीही मदतीला आली. पाठ मोडेपर्यंत दोघांनी ते काम केलं.

पाऊस गेला. कोणी आलं नाही. उन्हाचे महिने गेले. कोणी आलं नाही. अधूनमधून एक तांडेल आपला मचवा, म्हणजे शिडाची होडी, घेऊन जाता जाता नारळ न्यायला थांबायचा. तो सांगायचा, “बरी आहेत सगळी. राजाने जुन्या वखारीत राहायला जागा दिलीय. विहिरींचं विचारतात.”

विहिरी अजून मचूळच होत्या.

मेस्त्रीला काम नव्हतं. ज्याने उभ्या जन्मात एक दिवस रिकामा घालवला नव्हता, तो आता सकाळपासून त्या लाकडांसमोर बसायचा. झाकण उघडून बघायचा. म्हाताऱ्या बुधाआजाच्या घराचं आढं किती लांब होतं. दोन गलबतांच्या डोलकाठ्या जोडून केलेलं. एवढं लांब आढं असलं तर घर केवढं होईल. तो मनातल्या मनात खांब उभे करायचा.

एक दिवस तो म्हणाला, “वाळवी लागेल याला. नुसतं पडून कुजणार.”

“उन्हात घालत जाऊ,” आवडा म्हणाली.

“उन्हात किती वर्षं घालणार? येतील का ते तरी कोणाला ठाऊक?”

“अहो, पण ते लोकांचं आहे. विचारल्याशिवाय कसं घ्यायचं?”

“विचारायला आहे कोण इथे?”

आवडा गप्प राहिली. पुढे कितीतरी वेळा तिला वाटलं की त्या दिवशी आपण गप्प राहायला नको होतं.

पहिल्यांदा त्याने एकच खांब घेतला. मग चार. मग हात थांबेना. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या मनासारखी घरं बांधली होती. कोणाला माजघर मोठं हवं, कोणाला पडवी लहान. आता पहिल्यांदाच सांगणारं कोणी नव्हतं. वारा जिथून येतो तिकडे त्याने घराची पाठ केली आणि छप्पर असं उतरवलं, की वारा वरून घसरून जावा. अठरा घरांतली उत्तमोत्तम लाकडं त्याने निवडली, उरलेली बारीकसारीक वाशांना लागली. भिंतीतून बाहेर आलेली भेंडीची फांदी त्याने तशीच ठेवली, तिच्यावर कंदील टांगता यायचा. खिडक्यांच्या फळ्यांवर गलबताचा जुना निळा रंग होता, तो त्याने खरवडला नाही. दुपारी त्या खिडक्यांतून उजेड आला, की मातीची भिंत निळसर दिसायची.

वर्षभर तो एकटा राबला. घर पुरं झालं. बेटावर असं घर कधी झालं नव्हतं. आवडा उंबऱ्यात उभी राहिली, आत गेली, भिंतीवरून हात फिरवला आणि तिला रडू आलं. वीस वर्षं ती या घराची वाट बघत होती. ते कशाचं आहे हे तिला ठाऊक होतं, तरी ती त्या घरात सुखाने झोपली. हेही सांगायलाच हवं.

त्याच वर्षीच्या पावसाने विहिरी गोड झाल्या. तांडेलाने ते पलीकडे सांगितलं आणि पाऊस सरल्यावर त्याच्या मचव्यातून तुळसाकाकी आली. बरोबर तिची लेक होती. बाकीच्यांनी तिला पुढे पाठवलं होतं, बेट राहण्याजोगं आहे का ते बघायला.

काकी आधी आपल्या जोत्यावर गेली. जोतं स्वच्छ होतं. तिला वाटलं, मेस्त्रीने सामान वर ठेवलं असेल. ती टेकडी चढून आली आणि ते घर बघून थांबली.

तिच्या घराचं दार वेगळं होतं. तिचा नवरा डावरा होता, म्हणून त्याने मेस्त्रीकडून कडी उलट्या बाजूला बसवून घेतली होती. नवखा माणूस त्या दारापुढे चाचपडायचा. काकीने न बघता डाव्या बाजूला हात घातला, कडी काढली आणि दार उघडून ती आत आली.

आवडाने पाणी दिलं. काकी प्यायली. तिने सगळं घर नजरेने फिरून पाहिलं. बुधाआजाचं आढं, शेजारणीच्या खिडक्या, स्वतःचे चार खांब. तिने कोणाचंही नाव घेतलं नाही.

“घर छान झालंय, मेस्त्री,” ती म्हणाली.

“या ना, बसा काकी.”

“बसायला नाही आले. विहिरीचं पाणी चाखलं, गोड झालंय. आम्ही परत यायचं म्हणतोय. मी आधी येते, मग बाकीचे येतील. तेवढं माझं दार आणि चार खांब दे. बाकीचं बघू हळूहळू. जोतं आहेच.”

मेस्त्रीने खांबांकडे पाहिलं. त्या चार खांबांवर मधला सगळा भार होता.

“काकी, हे काढले तर घर बसेल,” तो म्हणाला. “मी तुम्हाला नवे करून देतो.”

“कशाचे? झाडं कुठे आहेत? आहेत ती माझ्या कमरेएवढी.”

“तिकडून आणू लाकूड.”

“तिकडचं रान राजाचं आहे. तिथे बांधायला लाकूड देतात, होडीत चढवू देत नाहीत.” काकीने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं, खांब राहू देत. दार तरी दे. बांबूच्या चार मेढी रोवून दार लावते. दार असलं की घर वाटतं.”

एवढंच तिने मागितलं होतं. दार काढून द्यायला अर्धा दिवस लागला असता. पण मेस्त्रीच्या मनात आलं, आज दार दिलं तर उद्या दुसरा खिडकी मागेल, परवा तिसरा आढं. वीस वर्षांनी झालेलं घर आपल्याच हातांनी मोडावं लागेल.

“पुढच्या वर्षी बघू, काकी,” तो म्हणाला.

काकीने मान हलवली. ती रागावली नाही, काही लागेल असंही बोलली नाही. लेकीला घेऊन ती उतरली आणि त्याच मचव्याने परत गेली.

आवडा म्हणाली, “दार द्यायचं होतं. मी बांबूची तट्टी लावली असती.”

“तुला काय कळतं त्यातलं?” मेस्त्री म्हणाला. तो तिच्याशी असं कधी बोलत नसे.

महिन्याभराने बुधाआजा आला. तो बेटावरचा सगळ्यांत म्हातारा. बरोबर चार-पाच जण होते. आजाने काहीच मागितलं नाही. तो म्हणाला, “मेस्त्री, असं कर. हे घर आपण सगळ्यांचं करू. सगळे इथे राहू, एकेक करून झाडं वाढतील तशी घरं बांधू. नाहीतर हे उतरव, ज्याचं त्याला दे, आणि सगळे मिळून पहिलं घर तुझंच बांधू. तू सांगशील ते.”

यापेक्षा चांगलं बोलणं कोण बोलणार होतं? पण मेस्त्रीला त्यात फक्त ‘उतरव’ एवढंच ऐकू आलं.

“तुम्ही सोडून गेलात,” तो म्हणाला. “मी राहिलो. चिखलातून एकेक लाकूड मी उचललं. नसतं उचललं तर समुद्रानेच नेलं असतं ना?”

आजाने वर आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “खरं आहे तुझं. समुद्राने नेलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती.”

ती माणसंही गेली. त्यानंतर कोणी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शाकारणीचे दिवस आले. घर मोठं, पाखी उंच आणि हात चार. दोघांनी दोन महिने झापं विणली. मेस्त्री शिडीवर चढायचा, आवडा खालून झाप वर द्यायची. तो एका टोकाला बांधायचा तोवर दुसरं टोक वाऱ्याने उडायचं. अर्धं छप्पर झालं आणि पाऊस आला. उरलेल्या अर्ध्यात जुनीच झापं राहिली. त्या वर्षी मागच्या खोलीत गळलं.

त्याच्या पुढच्या वर्षी एक पाखं कसंबसं झालं. पावसात मागची भिंत भिजून फुगली आणि एका दुपारी मऊ होऊन खाली बसली. तिच्यातल्या कामट्या बरगड्यांसारख्या उघड्या पडल्या. दोघं समोरच्या खोलीत आली. तिथेही ओल होती. आवडाला खोकला लागला. तो पाऊसभर राहिला. जमीन ओली, कपडे ओले, सरपण ओलं. ती कोपऱ्यात बसून खोकायची आणि मेस्त्री छपराकडे बघायचा. कुठे काय करायला हवं ते त्याला सगळं समजत होतं. करायला माणूस नव्हता.

पाऊस संपल्यावर तांडेल आला. आवडाला बघून तो म्हणाला, “मेस्त्री, हिला इथे ठेवू नका. चला, मी नेतो.”

पलीकडच्या किनाऱ्यावर अठरा घरं उभी होती. वेडीवाकडी, दगडगोट्यांची, कुठे भिंत आत झुकलेली, कुठे खिडकी तिरकी. मेस्त्रीच्या हातची सर एकालाही नव्हती. पण एकही गळत नव्हतं.

तुळसाकाकीने आवडाला आपल्या घरात घेतलं. चुलीजवळ अंथरूण घातलं. बायका पाळीपाळीने तिच्याजवळ बसल्या. कोणी पेज आणली, कोणी पाय शेकले. मेस्त्रीला कोणी मागचं काही विचारलं नाही. त्याच्यापुढेही वेळच्या वेळी ताट येत होतं.

अकराव्या दिवशी आवडा गेली. जाण्याआधी तिने काकीचा हात धरला आणि म्हणाली, “इथे कोरडं आहे.” मेस्त्री शेजारीच बसला होता.

ज्यांना त्याने परत पाठवलं होतं, त्यांनीच तिला खांदा दिला.

काही दिवसांनी मेस्त्री सगळ्यांसमोर जाऊन उभा राहिला. “मी घर उतरवतो,” तो म्हणाला. “ज्याचं जे आहे ते त्याच्या जोत्यावर नेऊन ठेवतो. तुम्ही परत चला.”

 तुळसाकाकी म्हणाली, “मेस्त्री, आता इथे विहीर खोदलीय. माड लावलेत, त्यांनी मूळ धरलंय. लेकीचा संसार इथेच बसला. आता कुठे उठायचं परत?”

“तुमचं दार मी स्वतः आणून देतो, काकी.”

“आम्ही दार मागायला नव्हतो रे आलो,” काकी म्हणाली. “घरी यायला आलो होतो.”

तरी तो बेटावर गेला. त्याने दार काढलं आणि तांडेलाच्या मचव्यातून काकीकडे आणलं. तिच्या नव्या घराच्या चौकटीत ते बसेना, हातभर रुंद होतं. कापून बसवतो, असं तो म्हणाला. पण खालची फळी ओलीने कुजली होती, करवत लावताच भुगा पडला. काकी म्हणाली, “राहू दे. कामाला येईल कशाच्या तरी.” तिने ते गोठ्याच्या मागे उभं करून ठेवलं.

बुधाआजाने त्याला राहायचा आग्रह केला. “इथे एक खोली बांधू तुला,” तो म्हणाला. “सगळे मिळून बांधू.” ते ऐकून मेस्त्रीला तिथे बसवेना. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर कदाचित तो राहिलाही असता. तो बेटावर परत गेला.

तांडेल येता-जाता त्याला तांदूळ देऊन यायचा. तो सांगायचा की मेस्त्री रोज थोडं थोडं घर उतरवतो, चांगलं लाकूड शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. मग एका पावसानंतर तांडेलाने किनाऱ्यावरून हाका मारल्या, त्याला ओ आली नाही. तो टेकडी चढून गेला. जे करायचं ते त्याने एकट्यानेच केलं आणि पलीकडे येऊन सांगितलं. त्या दिवशी अठराही घरांत चूल पेटली नाही.

ते बेट अजून आहे म्हणतात. आता तिथे उंडी आणि भेंडी दाट माजल्या आहेत, जुन्या झाडांपेक्षाही जाड. माडांखाली नारळांचे ढीग पडतात. विहिरी काठोकाठ भरलेल्या, पाणी गोड. किनाऱ्यावर फळ्या येऊन लागतात आणि वाळूत बुजून जातात. अठरा घरं उभी राहतील एवढं सगळं तिथे आहे. ती बांधायला तिथे कोणी राहत नाही.

तात्पर्य म्हणून सांगायचं ते हे: लाकूड, माती आणि पाणी निसर्ग पुन्हा देतो, दुरावलेलं माणूस देत नाही. म्हणून ज्याचं त्याला, तो दाराशी आला त्याच दिवशी द्यावं.